झाडावर चढणाऱ्याचा जीव आणि खाली उभे असणारे आपण

(बालाघाट येथे पावसाळ्यापूर्वी मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. साग, सरई, मोह आणि बांबू यांच्या सहवासात येथील पिढ्या वाढल्या. झाडावर कसे चढावे हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. आणि मी तर कला शाखेचा पदवीधर, प्रसिद्धीच्या कामात उमेदवारी केलेला मनुष्य. तेव्हा आज मी चढण्याविषयी बोलणार नाही. घराजवळचे धोकादायक झाड काढताना वर गेलेला मनुष्य सुखरूप खाली कसा येईल, एवढाच माझा विषय आहे.

लहानपणी आजोळी पाहिलेला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. गोठ्यावर वाकलेले जांभळाचे झाड उतरवण्यासाठी एका गड्यास बोलावले होते. कौले फुटू नयेत म्हणून फांदीला बांधावयास जाड दोर आणला गेला. माणसाला बांधण्यासाठी मात्र काहीच आणले नव्हते. तो ज्या फांदीवर उभा होता तीच मोडली. जीव वाचला, पण तो पुन्हा कधी चालू शकला नाही. गावाने म्हटले, ‘त्याचा पाय निसटला.’ खरे तर आपणा सर्वांचा विचार निसटला होता. जांभळाचे लाकूड कडकन मोडते, शेवगा आणि पांगारा त्याहून ठिसूळ, हे तेथे कोणास ठाऊक नव्हते असे नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की, चढण्यापूर्वी झाडाची परीक्षा करावी. १९९७ च्या सुमारास मंडला व बालाघाट भागांतील सरईच्या जंगलांवर सालबोरर या भुंगेऱ्याची धाड आली होती, हे वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. त्याची अळी खोडाच्या गाभ्यात बोगदे पाडते. झाड उभे दिसते, परंतु बुंध्याशी भुशाचे ढीग साचतात. हा धडा प्रत्येक झाडास लागू आहे. बुंध्याशी भुसा, भूछत्रे, ढोली, तडा, उचललेली मुळे, आंब्यावर वा मोहावर माजलेले बांडगूळ, यांपैकी काही दिसल्यास सावध व्हावे. वाळलेल्या अथवा पोखरलेल्या झाडावर कोणीही चढू नये. ते जमिनीवरून दोर लावून अथवा यंत्राच्या साहाय्याने काढावे. आग्या मोहोळ आहे काय, हेही आधीच पाहावे. उंचावर माश्या उठल्या तर पळण्यास जागा नसते.

दुसरी गोष्ट विजेच्या तारेची. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेस प्रत्यक्ष हात लागलाच पाहिजे असे नाही. झाड तारेजवळ असेल तर वीज वितरण कंपनीच्या कार्यालयास कळवून, प्रवाह बंद झाल्याची लाईनमनकडून खात्री झाल्यावाचून कामास हात घालू नये. ‘आत्ता वीज गेलेलीच आहे’ या भरवशावर राहू नये. ती केव्हाही परत येते.

तिसरी गोष्ट दोराची. केवळ कमरेस दोर बांधणे पुरेसे नाही, कारण पडताना तो पोटात रुततो अथवा शरीर त्यातून निसटते. छाती, कंबर आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टा, ज्यास बाजारात ‘हार्नेस’ म्हणतात, तो वापरावा. करवत अथवा कुऱ्हाड चालविताना दोन स्वतंत्र आधार असावेत: एक वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा. हत्याराचा एक घाव दोर तोडू शकतो. तेव्हा दुसरा आधार जीव राखतो. माणसाचा दोर आणि फांदी उतरविण्याचा दोर एकाच फांदीवरून कदापि नेऊ नयेत. एका हाताने यांत्रिक करवत चालवू नये.

मोठी फांदी एकाच घावात तोडल्यास तिची साल खोडापर्यंत सोलत येते आणि फांदी चढणाऱ्यावरच झोके घेते. यासाठी खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून खाच घ्यावी, नंतर थोडे पुढे वरून कापावे आणि उरलेला खुंट शेवटी काढावा.

आता खाली उभे असणाऱ्यांविषयी. वरचा मनुष्य तोडतो. पण त्याचे रक्षण खालचे करतात. झाडाच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरापर्यंत मुले, गुरे व बघे यांना येऊ देऊ नये. वरच्याशी एकानेच बोलावे. दहा जणांच्या सूचनांनी घात होतो. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचे प्राण थोड्याच मिनिटांत धोक्यात येतात. म्हणून चढू शकणारा दुसरा मनुष्य आणि त्याचे साहित्य खाली सज्ज असल्याशिवाय पहिल्यास वर पाठवू नये. कोणी पडल्यास त्याला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये. मान व पाठ न हलविता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

कामावर अपघात झाल्यास भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे. परंतु भरपाईने मोडलेली पाठ सरळ होत नाही. वारा सुटला, पाऊस आला, सायंकाळ झाली किंवा चढणाऱ्याने ‘आज नको’ म्हटले, तर काम थांबलेच पाहिजे. त्याला भित्रा म्हणणाऱ्याने आधी स्वतः चढून दाखवावे.

शिक्षक बंधूंनी ह्या गोष्टी मुलांना सांगाव्यात. सरपंचांनी पट्टा व दोर ग्रामपंचायतीत आणून ठेवावेत. कौले पुन्हा घालता येतात. माणूस पुन्हा आणता येत नाही. फांदीसाठी आपण दोर आणतो; यापुढे माणसासाठी आधी आणू या.