वय नको, माप सांगा



मोठ्यांची खुर्ची निम्मी केली की मुलांची खुर्ची होते, हा समज आपल्या बाजारात अजून पक्का आहे. पण मुलाच्या अंगाची प्रमाणंच वेगळी असतात. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं; मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. म्हणून लहान मूल कठड्यावरून वाकलं की तोल डोक्याकडे जातो. गजांच्या फटीतून धड निसटतं आणि डोकं अडकतं. पाळण्याच्या गजांमध्ये साधारण ६० मिलिमीटरहून जास्त फट नको, हा अमेरिकेतला नियम अशाच अपघातांतून आला.

मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडलं आणि मुलांना स्वतः उचलता येतील अशी टेबलं-खुर्च्या करून घेतली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी गावात मिळेल त्या साहित्यावर बालवाडी उभी केली. ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. मुलांची मापं घ्यायची मात्र राहून गेली, आणि त्यांची जागा वयाने घेतली.

खेळण्यांच्या बाबतीत वय चालतं. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात नको, कारण तिथे प्रश्न वस्तू तोंडात घालण्याच्या सवयीचा आहे. बसण्याच्या बाबतीत मात्र वय फसवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार चार वर्षांच्या मुलीची मध्यक उंची १०२.७ सेंटिमीटर. ती ९४.१ च्या खाली असेल तर वाढ खुंटली असं मानतात. आता तीन वर्षांच्या मुलीची मध्यक उंची पाहा : ९५.१. म्हणजे वाढ खुंटलेली चार वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या मुलीपेक्षाही बुटकी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुंटलेली आढळली. खोक्यावर ‘वय ४ ते ६’ छापणाऱ्याने ही मुलं हिशेबात धरली होती का?

यावर मला विचारतात, खुंटलेल्या मुलांसाठी खुंटलेलं फर्निचर करायचं का? पोषण सुधारायलाच हवं. पण ते सुधारेपर्यंत त्या मुलीचे पाय अधांतरी लोंबत ठेवून काय साधतं? बैठकीची कड मांडीला रुतते, ती पुढे घसरते आणि पाठ टेकायची राहते. म्हणून बैठकीची उंची वर्गातल्या बुटक्या मुलावरून ठरवावी, रुंदी अंगाने भरलेल्या मुलावरून. सरासरी धरली तर दोघांचीही गैरसोय. पाटावर हा घोळच नाही. बालवाडीतून पाट आणि सतरंजी हद्दपार करण्याची घाई मला आजवर कळलेली नाही.

शौचालयाचं तर विचारू नका. भांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या. मुलाला पाय फाकून बसावं लागतं, पडायची भीती वाटते आणि ते बाहेर जायला लागतं. दोष मात्र त्याच्या सवयींना.

मापं घ्यायची म्हटलं, तर अंगणवाडीत उंची-वजन घेतलं जातंच. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं ठेवून मोजतात, आणि ती लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात घालून चालत नाही. वस्तू घडवायला आणखी थोडी मापं लागतात : गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर, बसल्यावर नितंबांची रुंदी आणि कोपराची उंची, मुठीत मावणारी जाडी, उभ्याने हात पोहोचतो ती उंची. हे काम सेविकांच्या माथी मारू नका, त्यांच्या नोंदवह्या आधीच ओसंडताहेत. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी जावं, पालकांना विचारून, दोघादोघांनी. चुळबुळणारं मूल एकट्याने मोजता येत नाही. नंदुरबारची आणि मुंबईची मापं वेगळ्या तक्त्यांत ठेवावीत. दुपारच्या सत्रात या मापांची यादी पक्की करू आणि कोणता जिल्हा कोणी घ्यायचा तेही ठरवू.