शरदाचा रंग कोठे पाहावा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गापेक्षा वाटेवर अधिक शिकवीत. म्हणून मीही आपणांस आश्विनातल्या रानवाटेने नेणार आहे.

'ऑटम' या इंग्रजी शब्दासाठी आपण बिनदिक्कत 'शरद' लिहितो आणि लाल-पिवळ्या गळत्या पानांचे चित्रही उसने घेतो. देवास जिल्ह्यातल्या खिवनी अभयारण्यात ते चित्र टिकत नाही. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात तेथला साग पानांनी भरलेला असतो. काही झाडे दुरून करपल्यासारखी भासतात खरी. पण ती ऋतूची करणी नव्हे. पान उजेडाकडे धरून पाहावे. अळीने हिरवा गर खाऊन शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवलेली असते. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. सागाजवळचा लाल रंग काय तो एवढाच! ओढ्याकाठी शेपटी हलवीत धोबी पक्षी आलेला असतो. संस्कृत कवींनी शरदाशी जोडलेला खंजन तो हाच.

मग शरदाचा रंग कोठे? माझ्या मते तो गवतात. पावसाळाभर हिरवे असलेले गवत तुऱ्यावर येते, पिकते, कोठे सोनेरी तर कोठे तांबूस होते.

हे गवत पाहायचे तर धार जिल्ह्यात सरदारपूरला जावे. तेथे १९८३ साली एका पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. हिंदीत तो खरमोर, मराठीत तणमोर. 'खर' म्हणजेही गवतच. दोन्ही भाषांनी पक्ष्याला त्याच्या घराचेच नाव दिले. पावसाळ्यात काळाभोर नर मादीला दिसावे म्हणून गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो, दिवसातून शेकडो वेळा. मादी जमिनीवरच अंडी घालते. शरद सरता सरता नराची काळी पिसे उतरतात आणि पक्षी पांगतात.

२०२१ पासून तणमोराची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. कुरणे नांगराखाली गेली, माळव्यात सोयाबीन पसरले. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण अभयारण्याच्या हद्दीत त्याची खासगी शेतेही आली, आणि निर्बंधांचा भार त्यानेच वाहिला. तरी पिले उडू लागेपर्यंत कुरणाची कापणी थांबवावी, एवढे मागणे मला रास्त वाटते.

आश्विन संपताना तेथे गेलात तर तणमोर बहुधा भेटणार नाही. गवत उभे आहे की कापले गेले, तेवढे मात्र पाहून या.