आज्ञावलीची पहिली भाषा

संगणकाला कामाला लावण्यासाठीं मनुष्यानें ज्या भाषा रचल्या आहेत, त्यांची संख्या आज शेंकड्यांनीं मोजावी लागते. त्यांपैकीं एकही ज्याला येत नाहीं, त्यानें प्रथम कोणती शिकावी, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत जसा विचारला जातो, तसाच तो आतां आमच्या धानोऱ्यासारख्या गांवींही विचारला जातो. उत्तरेंही दोन्हीकडे एकाच तऱ्हेचीं मिळतात. कोणी म्हणतो, नोकरीच्या बाजारांत जिला भाव आहे ती शिका. कोणी म्हणतो, सर्वांत कठीण तीच आधीं शिका, म्हणजे बाकीच्या आपोआप सोप्या होतील. श्रोतेहो, या दोन्ही उपदेशांनीं नवशिक्याचें नुकसान होतें, असें मला वाटतें. भाषा निवडण्यापूर्वीं तिच्याकडून पहिलें काम कोणतें करून घ्यावयाचें, तें ठरवावें. मग निवड फारशी अवघड राहत नाहीं.

धानोरा हें गडचिरोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पूर्वेस गेलें कीं छत्तीसगडची सीमा लागते. इकडचीं पुष्कळ मुलें घरीं गोंडी बोलतात, शाळेंत मराठी शिकतात आणि बाजारांत हिंदी किंवा छत्तीसगढी बोलून वेळ मारून नेतात. यांपैकीं बाजाराची भाषा त्यांना कोणीं व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकविली? मिठाचा भाव विचारावयाचा होता, म्हणून ती आली. असें असूनही हींच मुलें संगणकापुढें बसलीं कीं म्हणतात, आमचें इंग्रजी कच्चें, हें काम आमचें नव्हे. ही भीति निराधार आहे. ‘पायथॉन’ या भाषेंत राखून ठेवलेले इंग्रजी शब्द अवघे ३५ आहेत, आणि पहिल्या महिन्यांत त्यांतील सातआठांवर काम भागतें. तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला ते जड जाण्याचें कांहींच कारण नाहीं.

आतां कामाचें एक उदाहरण घेऊं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला, व २०११ सालीं त्या गांवानें आपला बांबू आपण विकण्यास आरंभ केला. त्यानंतरच्या वर्षांत जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहारही स्वतः पाहूं लागल्या. व्यवहार आला म्हणजे हिशेब आला, आणि हिशेबांत चकवा आलाच. महाराष्ट्रांत तेंदूचें पुडकें ७० पानांचें धरतात. सीमेपलीकडे छत्तीसगडांत गड्डी ५० पानांची. प्रमाणगोणी मात्र दोन्हीकडे हजार पुडक्यांची किंवा गड्ड्यांची. म्हणजे नांव एकच, परंतु एका गोणींत पानें ७०,०००, दुसरींत ५०,०००.

समजा, एका व्यापाऱ्यानें आपल्याकडील गोणीला ७,००० रुपये देऊं केले, आणि पलीकडे गोणी ५,५२५ रुपयांना जाते असें ऐकूं आलें. ऐकणाराला वाटेल, आपला भाव चढा. पण गोणीच्या किंमतीला पुडक्यांतील पानांनीं भागिलें म्हणजे हजार पानांचा भाव निघतो. तो आपल्याकडे १०० रुपये पडतो आणि पलीकडे साडेएकशेंदहा. आपला भाव उतरता ठरला! हा भागाकार करून दाखविणारी आज्ञावली, ही धानोऱ्याच्या विद्यार्थ्याची पहिली आज्ञावली होण्यास अगदीं योग्य आहे. तिचें उत्तर ऐकावयास ग्रामसभा उत्सुक असेल.

पायथॉनमध्यें ती चार ओळींत बसते. पहिल्या ओळींत गोणीची किंमत विचारावी, दुसरींत पुडक्यांतील पानें विचारावीं, तिसरींत भागाकार करावा, चौथींत उत्तर छापावें. ही भाषा गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या हल्लींच्या आवृत्तींत राशींना ‘किंमत’, ‘पानें’ अशीं देवनागरी नांवें देतां येतात. इतकेंच नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नाला कोणीं ‘७०’ असें मराठी आंकड्यांत उत्तर दिलें, तरी तें संख्या म्हणून स्वीकारतां येतें. आज्ञावलीच्या मजकुरांतले आंकडे मात्र इंग्रजी पद्धतीनेंच लिहावे लागतात.

तोच भागाकार ‘सी’ भाषेंत करून पाहा. डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ही भाषा सिद्ध केली. तींत प्रत्येक राशीची जात आधीं सांगावी लागते, आणि सर्व मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरवून मगच चालवावा लागतो. दोन्ही राशी पूर्णांक म्हणून सांगितल्या, तर ५,५२५ भागिलें ५० याचें उत्तर ती ११० देते. वरचा अर्धा रुपया मुकाट्यानें गळतो, आणि यंत्र तक्रारही करीत नाहीं. यंत्राच्या पोटांत काय चालतें हें ज्याला पाहावयाचें, त्याला या कडक शिस्तीचा फार उपयोग आहे. परंतु ज्यानें पहिल्यानेंच हात घातला आहे, तो चूक भाषेच्या नियमांत न शोधतां आपल्या बुद्धींत शोधूं लागतो आणि आठ दिवसांत उठून जातो. हें नुकसान पैशांत मोजतां येणार नाहीं.

नवशिक्यांसाठीं मुद्दाम भाषा रचण्याची कल्पना नवी नाहीं. डार्टमथ महाविद्यालयांतील केमेनी व कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनीं १९६४ सालीं ‘बेसिक’ भाषा काढली, ती शास्त्रविषय न घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरतां यावा म्हणून. लहान मुलांसाठीं मॅसॅच्युसेट्स येथील एम्.आय्.टी. या संस्थेंत ‘स्क्रॅच’ तयार झाली व २००७ सालीं सर्वांसाठीं खुली झाली. तींत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात.

तेव्हां माझें मत थोडक्यांत सांगतों. मूल आठदहा वर्षांचें असेल, तर त्याच्या हातीं स्क्रॅच द्यावी. संकेतस्थळ बनविण्याची हौस असेल, तर १९९५ सालीं निघालेली ‘जावास्क्रिप्ट’ घ्यावी. ती प्रत्येक ब्राउझरमध्यें चालते, निराळें कांहीं बसवावें लागत नाहीं. महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला ‘सी’ नेमलेली असेल, तर ‘सी’च शिकावी, कारण शंका विचारावयास शिक्षक आणि सोबती जवळ असतात. आणि यांपैकीं कोणतेंच बंधन नसेल, तर पायथॉन घ्यावी. एकदां घेतलेली भाषा निदान तीन महिने सोडूं नये. राशीला नांव देणें, अट घालणें, तेंच काम पुन्हा पुन्हा करविणें, या गोष्टी बहुतेक सर्व भाषांत सारख्याच असतात. त्या एकींत पक्क्या झाल्या म्हणजे दुसरीला निम्माही वेळ लागत नाहीं. मुंबईच्या आय्.आय्.टी.नें ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या नांवानें धडे तयार केले आहेत व त्यांतील पुष्कळ मराठींतही आहेत. तेही हाताशीं ठेवावे.

आतां कोणी म्हणेल कीं, मराठींत प्रश्न विचारतांच आज्ञावली लिहून देणारीं साधनें आज निघालीं आहेत. मग शिकण्याचा खटाटोप कशाला? त्यांचें साहाय्य अवश्य घ्यावें. परंतु असल्या साधनानें पुडकें सरसकट ५० पानांचें धरलें, तर आपल्या गोणीचा भाव हजार पानांना १०० ऐवजीं १४० रुपये दिसेल, आणि सभा समाधानानें सौदा करून मोकळी होईल. ती चूक पकडण्यास दोन गोष्टी लागतात: पुडक्यांत पानें किती, हें ठाऊक असणें, आणि त्या चार ओळी वाचतां येणें. पहिली गोष्ट आमच्या मुलांना लहानपणापासून ठाऊक आहे. दुसरीसाठीं रोजचा अर्धा तास आणि मनाजोगी एक भाषा पुरे आहे.