खाट, रुग्ण आणि नोंदवही

(प्रात्यक्षिक अनुभवासाठी रुग्णालयात रुजू झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर प्रशासकांनी केलेले भाषण)



आपल्या स्वागतासाठी डॉक्टरांऐवजी वाणिज्य शाखेच्या पदवीधराला उभे केले, याचे आपणांस नवल वाटले असेल. रुग्णसेवेतले मला जे काही कळते, ते नोंदवहीच्या वाटेने कळते. म्हणून त्याच बाजूने बोलतो.

आपले महाविद्यालय लहान आहे, ही खंत आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. मराठवाड्याला ही उणीव नवी नाही. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, अंबाजोगाईला त्यानंतर. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. परंतु येथे शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षीपासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ झाले. तरीही परगावी राहण्याचा व जेवणाचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. घराजवळच्या महाविद्यालयाचे मोल त्या जमाखर्चात दिसते.

तथापि जवळ असणे म्हणजे चांगले असणे नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावे लागतात. शंभर खाटांच्या रुग्णालयात पंच्याहत्तर रुग्ण दाखल असतील, तर एका वेळी पंचवीसच विद्यार्थी शिकू शकतात. चाळीस रुग्ण असतील, तर जेमतेम तेरा. भिंतीवर किती खाटांचा फलक लावला आहे, याला या हिशेबात किंमत नाही. काही ठिकाणी तपासणीच्या दिवशी गावातून माणसे आणून खाटांवर निजवितात, हे आपणही ऐकले असेल. ताळेबंदातील खोटी शिल्लक केव्हातरी उघडकीस येते. परिचर्येतील खोटी शिल्लक उघडकीस येते ती रात्रपाळीला एकटी असलेली नवी परिचारिका रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीसमोर उभी राहते तेव्हा.

हाच प्रकार आपल्या हातात असलेल्या अनुभव-नोंदवहीतही घडतो. अमुक इतक्या गर्भवतींची तपासणी, अमुक इतक्या प्रसूती, अमुक इतकी नवजात बालके, असे रकाने भरावयाचे असतात. रुग्ण कमी आणि मुदत जवळ आली की एकीचे पाहून दुसरी लिहिते. आमच्या शास्त्रात याला पावतीविना केलेली नोंद म्हणतात आणि लेखापरीक्षक ती लाल शाईने खोडतो. ही नोंदवही तपासण्यास मात्र लेखापरीक्षक नसतो. एखादी प्रसूती मिळाली नाही, तर रकाना रिकामा ठेवा व पाठ्यनिर्देशिकांना तसे सांगा. त्यांनी जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात आपली व्यवस्था करावी, असा आग्रह धरण्याचा आपणांस हक्क आहे.

रिकाम्या रकान्यालाही बोलता येते. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील अनेक जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यातील एखाद्या गर्भवतीचे कार्ड हाती घ्या. मधल्या चार महिन्यांत वजन नाही, रक्तदाब नाही, हिमोग्लोबिन नाही. घाईतल्या मोठ्या वॉर्डात "तपासणी केलेली नाही" एवढा शेरा मारून पुढे जातात. आपण एका खाटेजवळ दोघी-तिघीच असाल. तेव्हा "ताई, या महिन्यांत कुठे होतात?" असे विचारण्यास आपणांस सवड असेल. लोहाच्या गोळ्या सुटल्या काय, मोळ्या उचलल्या काय, फडावर पाणी कोणते होते, हे सारे त्या एका प्रश्नातून निघते. औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये भाजलेला कामगार, फवारणीत विषबाधा झालेला शेतकरी, हेही याच जिल्ह्याचे धडे आहेत.

डॉ. हिम्मतराव बावस्कर भोकरदन तालुक्यातील देहेडचे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. परंतु त्यांचे नाव झाले ते महाड परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना. विंचूदंशाचे रुग्ण घामाघूम होत, उलट्या होत, हातपाय गार पडत आणि पुढे फुफ्फुसांत पाणी होऊन दगावत. मोठी यंत्रसामग्री नव्हती. डॉक्टर रुग्णाजवळ बसून राहिले, नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपत राहिले. त्या टिपणांतून विषाचा हृदयावर होणारा परिणाम उलगडला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरले. 'द लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकाने १९८०च्या दशकात त्यांचे निबंध छापले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देहेड येथून फार दूर नाही.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. विद्यार्थ्यांचा घोळका नेमका याच खाटांभोवती जमतो, कारण तो रुग्ण सहसा नाही म्हणत नाही. बिल माफ झाले म्हणून त्याची संमती माफ झाली, असा अर्थ कृपया काढू नये. प्रथम नाव सांगावे, विचारावे, पडदा ओढावा, मग हात लावावा. रुग्णाने नकार दिल्यास पुढील खाटेकडे जावे.

यापुढे आपल्या प्रत्येक नोंदीसमोर रुग्णाचा आंतररुग्ण क्रमांक लिहावयाचा आहे व त्याच दिवशी वॉर्डच्या प्रभारी परिचारिकेची स्वाक्षरी घ्यावयाची आहे. महिनाअखेर नोंदवह्या माझ्या कार्यालयात येतील. मी त्या प्रसूतिगृहाच्या रजिस्टरशी ताडून पाहीन. औषधशास्त्र मला कळत नाही, परंतु दोन वह्यांतील आकडे जुळतात की नाही, हे कळते.

पहिली पाळी उद्या सकाळी साडेसात वाजता सुरू होईल.