आधी मोजावे, मग बदलावे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विजेवरच्या दुचाकीचा कंट्रोलर बदलताना येणारे दोष, हा आजचा विषय. शाळेच्या व्यासपीठावर गॅरेजचे काम कशाला, असे काहींना वाटेल. परंतु जालना हे हाताच्या कष्टावर उभे राहिलेले गाव आहे. येथील लोखंडाच्या मिल आणि बियाण्यांचा व्यापार सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जोडीला गॅरेज, वेल्डिंग आणि वायरिंग यांवर आपल्यातील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. १९७२ साली निघालेली लुना या गॅरेजांनी वर्षानुवर्षे दुरुस्त केली. त्याच लुनाचे विजेवर चालणारे रूप फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आले. तेव्हा हे काम आपल्या दारात आलेच आहे. ते अंदाजाने करावयाचे की शास्त्राने, एवढाच प्रश्न उरतो.

अंदाजाने काय होते ते पाहा. गाडी बंद पडते. कोणी म्हणतो, कंट्रोलर गेला. नवा आणून बसवतात, तरी चाक हलत नाही. दुकानदार म्हणतो, विजेचा माल परत घेत नाही. फेरीवाल्याच्या किंवा मजुराच्या घरी ही कित्येक दिवसांची कमाई असते. दोष मात्र ब्रेकच्या एका लहानशा स्विचात निघतो!

कंट्रोलर करतो तरी काय? बॅटरीतून येणारा एकदिश प्रवाह तो मोटारीच्या तीन वेटोळ्यांना पाळीपाळीने देतो. पाळी कोणाची, हे त्याला मोटारीतील तीन हॉल सेन्सर सांगतात. किती जोर द्यावयाचा, हे थ्रॉटल म्हणजे मूठ सांगते, आणि केव्हा थांबावयाचे, हे ब्रेकचा स्विच सांगतो. म्हणजे कंट्रोलर हा अनेकांचे ऐकून काम करणारा कारभारी आहे. त्याला खबरच चुकीची मिळाली, तर कारभारी बदलून काय उपयोग?

म्हणून तपासणीला क्रम असावा. चाक जमिनीपासून उचलून गाडी भक्कम उभी करावी. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. ४८ व्होल्टचा झटका फार जाणवत नाही, पण दोन टोके एकमेकांना भिडली तर तार वितळते आणि हात भाजतो. बॅटरी तोडल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज उरते, हेही ध्यानात ठेवावे. लिथियम बॅटरीचा डबा घरी कधीही उघडू नये.

पहिली पायरी बॅटरीची. १२ व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या पूर्ण भरल्या, की स्थिर स्थितीत मीटर ५१ ते ५२ व्होल्ट दाखवतो. मात्र हा आकडा एकटा पुरेसा नाही. गाडीवर भार असताना तो एकदम ४२ च्या आसपास घसरला, तर कंट्रोलर स्वतःहून बंद होतो. तो बिघडलेला नसून बॅटरीचे रक्षण करीत असतो.

दुसरी पायरी ब्रेकची. ब्रेकच्या स्विचचा कनेक्टर काढून पाहावा. चाक फिरू लागले, तर दोष स्विचात आहे. तो दुरुस्त करून कनेक्टर पुन्हा जोडावा, तसाच काढून ठेवू नये.

तिसरी पायरी मुठीची. तिच्या लाल व काळ्या तारेत सुमारे ५ व्होल्ट मिळावेत. तिसऱ्या तारेवर मूठ सोडलेली असता १ व्होल्टच्या आत-बाहेर, आणि पूर्ण पिळली असता साडेतीन ते चारच्या जवळपास आकडा यावा. ५ व्होल्टच मिळत नसतील, तर मुठीला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी हॉल सेन्सरची. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मीटरची सुई लावावी आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे. पिवळी, हिरवी आणि निळी, प्रत्येक बारीक तारेवर आकडा शून्याजवळून ५ जवळ आणि पुन्हा मागे असा बदलला पाहिजे. एखादी तार हललीच नाही, तर तेथे सेन्सर तरी गेला आहे किंवा तार तरी तुटली आहे. पावसाळ्यात पाणी शिरून हिरवी पडलेली पिन हेही याचे नेहमीचे कारण असते.

पाचवी पायरी जाड तारांची. बॅटरी तोडून चाक फिरवावे. ते जड लागत असेल, तर मोटारीच्या तिन्ही जाड तारा कंट्रोलरपासून सोडवून पुन्हा फिरवावे. आता ते हलके झाले, तर कंट्रोलरमधील मॉसफेट जळाले आहेत. येथे कंट्रोलर बदलणे रास्त आहे. तारा सोडवूनही चाक जडच राहिले, तर दोष मोटारीत, तिच्या तारेत किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये शोधावा.

नवा घेताना जुन्याची पाटी वाचावी. व्होल्ट, अँपिअर आणि हॉल सेन्सरचा कोन, १२० अंश की ६० अंश, हे सारे जुळले पाहिजे. जुना काढण्यापूर्वी कोणती तार कोठे जाते, याचा कागदावर नकाशा काढावा. तारेचा रंग म्हणजे करार नव्हे. एका कारखान्याची पिवळी तार दुसऱ्याच्या पिवळीचे काम करीलच असे नाही.

नवा कंट्रोलर मुळीच जागा होत नसेल, तर आधी किल्लीची बारीक तार पाहावी. तिला बॅटरीची धन बाजू मिळाली नाही, तर कंट्रोलर मेल्यासारखा पडून राहतो. धन आणि ऋण यांची अदलाबदल मात्र कधीही होऊ देऊ नये. त्यात तो क्षणात जळू शकतो.

चाक थरथरते, घरघरते, पण फिरत नाही, तर जुळणी चुकली आहे. काही कंट्रोलरना जुळणी शिकण्याच्या दोन तारा असतात. त्या जोडून किल्ली फिरवली, की चाक आपोआप फिरते. उलटे फिरल्यास त्या सोडून पुन्हा जोडाव्यात, आणि दिशा बरोबर झाल्यावर वेगळ्या कराव्यात. अशा तारा नसतील, तर हॉलच्या तारा तशाच ठेवून जाड तारांच्या सहा जुळण्या होतात. त्यांतील एकच चाक शांतपणे व कमी प्रवाहात फिरवते. प्रत्येक वेळी बॅटरी तोडूनच तारा बदलाव्यात आणि मूठ हलकीच पिळावी.

आणखी एक मोह टाळावा. वेग वाढावा म्हणून जादा ताकदीचा कंट्रोलर बसवतात. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या मान्यताप्राप्त गाडीला नोंदणी व परवान्यातून सूट आहे. या फेरफाराने ती सूट जाते आणि तारा तापतात, हे वेगळेच.

विद्यार्थी मित्रहो, ज्या हॉलच्या नावाने हा सेन्सर ओळखला जातो, त्या एडविन हॉलने १८७९ साली अमेरिकेत आपला शोध लावला. तेव्हा तो विद्यापीठात शिकणारा विद्यार्थीच होता. विज्ञानाच्या पुस्तकातील व्होल्ट आणि चुंबकक्षेत्र हे केवळ परीक्षेपुरते नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आकडा लिहून ठेवावा आणि मगच निर्णय घ्यावा, ही प्रयोगशाळेची शिस्त गॅरेजातही तितकीच खरी आहे.

पालकहो, आपल्याकडे दोन टोकांचे विचार आहेत. कोणी म्हणतो, मुलगा शिकतो आहे, त्याने हात काळे करू नयेत. कोणी म्हणतो, हात चालतो आहे, मग शाळा कशाला? दोन्ही विचारांत मुलाचेच नुकसान आहे. उस्तादाच्या हाताखाली हात तयार होतो, पण मीटरचा आकडा काय सांगतो हे समजण्यास शाळा लागते. निदान दहावीपर्यंत विज्ञान-गणित पक्के होऊ द्या. पुढे आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो मुलींनाही खुला आहे. अंदाजाने भाग बदलणारा कारागीर गिऱ्हाईकाचा पैसा घालवतो आणि मागाहून स्वतःची पतही. मोजून बोलणाऱ्याकडे मात्र लोक अंबड-भोकरदनहून शोधत येतील.

घरात एक साधा मल्टिमीटर असू द्या आणि त्याच्याशेजारी एक वही असू द्या.