पाचवरचा ठिपका

इथे ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या, नजर अधू झालेल्या आपल्या आजी-आजोबांकडे आम्ही कॉर्डलेस फोन लावून द्यायला जातो, तेव्हा आधी त्यांचं बोट पाचच्या बटणावर नेतो. तिथे बारीकसा उंचवटा असतो. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. सहाच्या खाली नऊ. तो तीनदा दाबला की ९९९. (कॅल्क्युलेटरची सवय इथे चालत नाही हं, त्यात सात-आठ-नऊ वर असतात!)

पण नंबर दाबून भागत नाही, नंतर हिरवं बटण दाबावं लागतं. खरी पंचाईत तिथेच. कित्येक फोनांवर हिरवं आणि लाल बटण हाताला सारखंच लागतं. म्हणून हिरव्यावर आम्ही फुगीर ठिपका चिकटवतो. आजच्या देणग्यांतून मोठ्या बटणांचे फोन घ्यायचे आहेत, आणि शेजारी बसून शिकवायला तुमच्यापैकी चार माणसंही हवी आहेत.