मी पीत नाही, मग मला कशाला थांबवता?

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं, यावर मला बोलायला सांगितलंय. मी वकील नाही. चाकणच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर सांभाळतो. पण ही कलमं मी स्वतः वाचून काढली, कारण एकदा माझीच फजिती झाली होती.

रात्री साडेबाराला काम आटोपून मोटारसायकलवर निघालो होतो. मोशीजवळ नाकाबंदी. हवालदार म्हणाले, "यात फुंका." मी ताठ. म्हटलं, "साहेब, मी मुसलमान आहे, दारूला हात लावत नाही." ते म्हणाले, "मशीनला नाव कळत नाही. फुंका." माझ्या डोक्यात बसलं की लायसन्सवरचं नाव वाचूनच अडवलंय. अर्धा तास वाद घातला. शेवटी फुंकलो. आकडा आला शून्य आणि दुसऱ्या मिनिटाला सोडलं.

नाव वाचून त्रास देणारे भेटतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. भेटतात. पण त्या रात्री मला सोडवलं ते त्या शून्याने, माझ्या भाषणाने नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर पैसे भरून मिटत नाही, कोर्टातच जातो. म्हणून "इथेच मिटवून टाकू" असं कुणी म्हणालं तर ती लाच आहे. तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे 1064 वर करता येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फुंकायला नकार देणं. संशयाला वाजवी कारण असेल तर गणवेशातला पोलीस नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो, आणि योग्य कारण नसेल तर तोच नकार पुढे कोर्टात तुमच्या विरोधात धरला जाऊ शकतो. तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, लायसन्स दाखवा. डिजिलॉकरमधलंही चालतं. नळी नवी लावायला सांगा आणि फुंका. आकडा स्वतः बघा. खोकल्याचं औषध, माउथवॉश किंवा होमिओपॅथीचे थेंब नुकतेच घेतले असतील तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा खोटा चढू शकतो. ते फुंकण्याआधीच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची विनंती करा.

अटक झालीच तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. हे कलम 202 मध्ये लिहिलंय. अटकेचं कारण विचारा, घरी कळवायला सांगा. गुन्हा जामीनपात्र आहे. मात्र रागात पोलिसाची कॉलर धरलीत, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, म्हणजे आपलं जुनं 353. ते अजामीनपात्र. जामीनपात्र प्रकरणाचं अजामीनपात्र करायला दहा सेकंद लागतात.

रक्त द्यायला घाबरणारी मुलं भेटतात. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. दोघंही गेली. पुढे गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. जो प्यायलेला नाही, त्याला मात्र तो नमुना हवाच असतो. आपल्यासारख्यांकडे दुसरा पुरावा असतो तरी कुठे?

आता जे बोलायला अवघड आहे ते. "आपल्यात पीत नाहीत" असं आपण म्हणतो. माझ्या मामूचा मुलगा पितो. कारखान्यातल्या मित्रांबरोबर शनिवारी बसतो. मी त्याला हे बरं म्हणत नाही, त्यालाही ते माहीत आहे. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. त्याचे मित्र पिऊन झाल्यावर भावाला फोन करतात, "न्यायला ये." हा करू शकत नाही. वास येईल, अम्मी रडेल, मामू घराबाहेर काढतील. म्हणून हा बडीशेप खाऊन, हेल्मेट घालून तसाच पुणे-नाशिक रस्त्याला लागतो. तिथे रात्री ट्रक कसे धावतात ते तुम्हाला सांगायला नको.

बडीशेप, लिंबू, कॉफी कशानेच रक्तातली दारू उतरत नाही. ती तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या आसपास उतरते, माणसागणिक कमी-जास्त. रात्री एकला 90 असेल तर पहाटे पाचलाही तो तिशीच्या काठावरच असतो, आणि सहाला पहिली शिफ्ट धरायला निघतो.

मी त्याला सांगितलं, "पिऊ नकोस हे मी दिवसा सांगेन. रात्री फक्त फोन कर." तो वर्षभर करत नव्हता. गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला आला. "भाई, आळंदी फाट्यावर आहे, ये." गेलो. वाटेत काही विचारलं नाही. माझ्याकडेच झोपवला, मामूला कळवलं की काम लांबलंय. हे खोटं मी बोललो, ते बरोबर होतं की नाही यावर आपण नंतर भांडू. सकाळी नाश्ता करून दोघं त्याची गाडी आणायला गेलो.